गाणारी पेटी आणि कीसकाढ्या

माझ्या धाकट्या बहिणीला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे भिंगबाई म्हणतात. डोळ्याला भिंग लावून ती जुनी घड्याळं, कॅमेरे, लायटर दुरुस्त करते आणि ऑनलाइन लिलावात विकते. माझं शिक्षण बेताचंच, पण आमच्या घराण्यात तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी कुठेही छाती ठोकून सांगेन. आणि माल बांधायला मी. गोदामात आयुष्य गेलंय माझं. मी बांधलेला खोका जिन्यावरून गडगडत गेला तरी आतल्या काचेला पत्ता लागत नाही.

तिची एक रीत आहे. कुठलीही वस्तू लिलावाला लावताना ती आधी दोष लिहिते. कुठे ओरखडा, कुठे टवका, कुठला स्क्रू नवा. मी म्हणायचो, अगं, आपल्याच मालाची अशी बदनामी कोण करतं? ती म्हणायची, नंतर ऐकून घेण्यापेक्षा मीच आधी सांगते.

तरी गिऱ्हाइकं भेटायची ती एकेक नमुने. एकाने कॅमेरा सहलीला फिरवून आणला आणि आवडला नाही म्हणून परत पाठवला. एकीला घड्याळाची टिकटिक फार ऐकू येते म्हणून राग. अशांनी तक्रारी ठोकल्या, आणि साइटवाल्यांनी तिला कळवलं की आता आणखी एक तक्रार खरी ठरली की खातं बंद. ते काही दुकान नाही, की इथलं शटर ओढलं आणि पलीकडच्या गल्लीत नवं टाकलं. ती पूर्वी ज्या दुकानात कामाला होती ते कधीच बंद झालंय. तिचं जे काही होतं ते या खात्यावर. त्या दिवसापासून फोन नुसता थरथरला तरी तिच्या हातातला घास हातातच राहायचा.

शेवटी तिने कपाटातून मावशीची गाणारी पेटी काढली. नाव सावरायचं तर वस्तूही तशीच हवी, म्हणाली. चावी दिली की आतला खिळ्यांचा रूळ फिरतो, खिळे पोलादी फणीचे दात छेडतात आणि धून वाजते. लहानपणी मावशी झाकण उघडायची, ही गालाला हात लावून ऐकायची आणि मी शिट्टीवर साथ द्यायचो. शिट्टी म्हणजे माझी. अख्ख्या गोदामात तशी कुणाची नाही.

तिने स्वयंपाकघरात पेटीचा व्हिडिओ काढला. मी बाहेरच्या खोलीत पुठ्ठे कापत होतो.

लिलावात एक माणूस पहिल्यापासून मागे लागला. पेटीच्या तळाचा फोटो पाठवा, उन्हातला पाठवा, बिजागरीचा जवळून पाठवा. मी त्याचं नाव कीसकाढ्या ठेवलं. ही बिचारी प्रत्येक वेळी नम्रपणे उत्तर द्यायची. पेटी त्यालाच मिळाली. मी ती अशी बांधली, की राजवाड्यात पाठवायची असती तरी याहून वेगळी बांधली नसती.

पेटी पोचली आणि त्याचा मेसेज आला. "व्हिडिओत धून पूर्ण वाजते. पेटीत ती मध्येच गळते. तुम्ही वरून आवाज चढवलाय. ही फसवणूक आहे, मी तक्रार केली आहे." साइटवाल्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दे इकडे फोन, त्याला असा धुतो की पुन्हा लिलावाचं नाव काढणार नाही. तिने फोन छातीशी धरला. "दादा, तू एक अक्षर लिहायचं नाहीस."

मग हळूच विचारलं, वाटेत कुठे आदळली नसेल ना? माझ्या बांधणीवर शंका. दुसरं कुणी असतं तर ऐकून घेतलं नसतं. पण तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती तोच व्हिडिओ लावत होती. ऐकायची, थांबवायची, पुन्हा लावायची. धून पुरी होती. मी शेजारी बसलो होतो आणि सवयीने माझी शिट्टी सुरू झाली. तिने व्हिडिओ एकदम थांबवला.

"दादा, शिट्टी बंद कर."

केली. तिने व्हिडिओ पुन्हा लावला. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो, तरी मधल्या दोन सुरांना व्हिडिओतून शिट्टी वाजली.

पेटीतून ते दोन सूर येतच नव्हते. कधीच येत नव्हते. मावशी असल्यापासून त्या जागी मीच वाजवत आलो, बाहेरच्या खोलीत पुठ्ठे कापतानाही वाजवले असणार. आम्हाला धून तशीच माहीत. जगाच्या वस्तूंना भिंग लावणाऱ्या माझ्या बहिणीने घरच्या पेटीला ते कधी लावलंच नव्हतं. आणि माझी शिट्टी इतकी साफ, की कीसकाढ्यालाही ती माणसाची वाटली नाही. हे मी बोललोही, पण तिला हसू आलं नाही. "हे कोण खरं मानणार?" एवढंच म्हणाली.

तिने त्याला सगळं लिहिलं, पेटी परत घेते असंही लिहिलं. पण पुरावा हवा. मला म्हणाली, बाहेरच्या खोलीत त्याच जागी उभा राहून वाजव, मी व्हिडिओ काढते.

मी कुणापुढे मान न वाकवलेला माणूस. त्या कीसकाढ्यापुढे शिट्ट्या वाजवू?

"त्याच्यापुढे नको वाजवूस. मावशीने झाकण उघडलंय असं समज."

उभा राहिलो. ओठ जुळवले आणि नुसता वारा निघाला. जन्मात पहिल्यांदा. तोंड कोरडं ठाक. तिने पाणी आणून दिलं. पुन्हा वारा. मी डोळे मिटले. मग लागले दोन्ही सूर.

संध्याकाळी फोन टेबलावर मधोमध ठेवून आम्ही दोघं बसलो होतो. चहावर साय धरली. फोन थरथरला तेव्हा तिने हात लावला नाही, मलाच वाचायला सांगितलं.

"पेटी उघडून पाहिली. फणीचे दोन दात मोडलेत, मोड जुनी आहे. तक्रार मागे घेतली. पेटी परत पाठवत आहे. शिट्टीवाल्यांना सांगा, दुसरा सूर जरा चढा लागतो."

ती ओढणीत तोंड खुपसून रडली की हसली, कळलं नाही. मी मात्र पेटलो. सूर चढा? माझा? तिने फोन उचलून लपवून ठेवला.

खातं शाबूत आहे. व्हिडिओ काढायचा असला की ती मला जिन्यात बसवते, आणि मी बसतो. पेटी परत आली, बांधणी अगदीच गबाळी. पुन्हा विकायला तिने ती लावली नाही, फळीवर ठेवली. कधी झाकण उघडलं, की दुसरा सूर मी किंचित उतरता लावतो. त्याचं बरोबर होतं म्हणून नव्हे. नुसतं बघायला.