नव्वद नंबरचं ऑइल

माझ्या चुलतभावाने मला गाडी विकली तेव्हा मी ती मिस्त्रीला दाखवली नाही. हा गाढवपणा माझा. तो आधीच कबूल करते, म्हणजे पुढे भावाबद्दल जे बोलायचं ते बिनधास्त बोलता येईल. आमच्या उरणच्या कोळीवाड्यात घरच्या माणसाकडून वस्तू घेताना बाहेरचा माणूस मध्ये घालत नाहीत. घातला तर देणाऱ्याचा अपमान होतो आणि पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात त्याचं वाकडं तोंड बघावं लागतं. शिवाय आम्हाला मिस्त्रीची गरजच नव्हती. आमच्याकडे बाबांचा कान होता.

बाबा तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी बोट हाकली आणि ती सगळी इंजिनाला पाठ लावून. वाड्यात कुणीही इंजिन घेतलं, नवं असो की जुनं, आधी बाबांना बोलावणं यायचं. ते इंजिनाशेजारी पाटावर बसत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणून उठत. त्यावर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. बाबांकडे ना जमीन, ना दोन मजली घर. हा कान हीच त्यांची इस्टेट. आई गेल्यावर ते माझ्याकडे पनवेलला राहायला आले, तरी महिन्यातून एकदा उरणहून कुणीतरी त्यांना न्यायला यायचंच. त्या दिवशी बाबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसत.

मी खानावळ चालवते. शनिवार-रविवारी आपट्याकडच्या फार्महाऊसवर मासळीच्या जेवणाच्या ऑर्डरी असतात. पातेली, शेगड्या, सिलिंडर, बर्फात ठेवलेले पापलेट आणि माझ्या हाताखालच्या दोन बायका, एवढं सगळं रिक्षात मावत नाही. मोठी गाडी बघतेय हे कळल्यावर हा चुलतभाऊ, आमचा दादा, स्वतःहून पनवेलला आला. चहा घेतला, बाबांच्या पाया पडला, म्हणाला, “बाहेरची कशाला? माझीच घे. आन् मिस्त्री नको बोलावू, काकांचा कान हाय ना.”

मला त्या वेळी ते ऐकून किती बरं वाटलं होतं!

उरणला तो बाबांना एकट्यांनाच गाडीत बसवून जेट्टीपर्यंत घेऊन गेला. मी वहिनीबरोबर सुकटाच्या टोपल्या बघत बसले. परत आल्यावर बाबा उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “घे.” मी घेतली.

जेमतेम महिना गेला. आपट्याच्या रस्त्याला एका चढावर गाडीच्या मागून बारीक सूर लागला. मागे बसलेली माझी बाई कुकरची शिटी अडकली समजून झाकणं तपासायला लागली. पुढच्या आठवड्यात तो सूर मोठा झाला. पाय दाबला की गाडी रडायची, पाय काढला की कण्हायची. ऑर्डर घेऊन गेले की फार्महाऊसची कुत्री आम्ही फाटकात शिरायच्या आधीच भुंकायला लागायची.

रोडपालीजवळ जुन्या जिपांचं काम करणारे एक उस्ताद आहेत. त्यांनी गाडी हायवेवर एक फेरी मारून आणली आणि काच खाली करून म्हणाले, “ताई, हौसिंग बोलतंय.” मला काय कळणार? मग त्यांनी मला गाडीखाली वाकून बघायला लावलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो, तेच हौसिंग. त्याच्या पोटात दात्यांच्या दोन चाकांची जोडी असते, मोठं क्राऊन आणि छोटं पिनियन. इंजिनाकडून आलेली ताकद ती जोडी वळवते आणि मागच्या चाकांना देते. तिला इंजिनाचं ऑइल चालत नाही, गिअर ऑइल लागतं, आणि तेही तिच्या नंबरचं.

उस्तादांनी आधी वरचं, भरायचं बूच सैल केलं. “पहले हे. नायतर खालून सगळं सांडून बसाल आन् वरचं उघडणारच नाय.” मग खालचं बूच काढलं. मी तेल धारेने पडेल म्हणून मागे सरकले होते. धार आलीच नाही. काळाकुट्ट लगदा लोंबत लोंबत घमेल्यात उतरला. उस्तादांनी तो दोन बोटांत घेऊन चोळला, उन्हात धरला आणि बोटं माझ्यापुढे केली. लाकडाचा भुसा होता.

“एकशे चाळीस नंबर,” ते म्हणाले. “सगळ्यात जाडं. आन् वरून भुसा. दाते घासलेत ना, आवाज दाबायला. दोन-चार हप्ते गप बसते, मग भुशाचं पीठ होतं. किसने बेची?”

“भावाने.”

“सगा?”

“चुलत.”

उस्तादांनी रॉकेलने हात धुतले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहाने माझं डोकं जास्त तापलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माझ्या भावाने माझ्या तोंडाला पानं पुसली होती, आणि ती पुसताना त्याने एका सुताराच्या दुकानात जाऊन पिशवीभर भुसा मागून आणला होता. कशाला हवाय म्हणून सांगितलं असेल त्याने? मला आजही झोप येत नसली की मी त्याला त्या दुकानाच्या पायरीवर उभा बघते.

क्राऊन-पिनियनची जोडी मुंबईहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर गोळा कोरडा ठेवता येणार नव्हता. ऑइल मीच आणते म्हणून पनवेलला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “सगळं एकच असतं मॅडम,” आणि एक डबा हातात ठेवला. उस्तादांनी डब्याची पाठ वाचून तो माझ्याच हाती परत दिला. ते जीएल चार होतं, गिअरबॉक्सचं. मागच्या गोळ्यातले दाते एकमेकांवर घसटत फिरतात, त्यांना जीएल पाच लागतं. मी परत गेले आणि दुकानदाराला असं काही बोलले की त्याने मुकाट्याने डबा बदलून दिला. त्या आठवड्यात माझ्या तावडीत जो सापडला तो भाजून निघाला.

मग उस्तादांनी खरा प्रश्न विचारला. “नव्वद भरू का एकशे चाळीस? कंपनीचा नंबर नव्वद. पण पातळ पडेल, ह्या दात्यांवर लई ओरडेल. एकशे चाळीस टाकलं तर हप्ताभर इज्जत राहील.”

“तुटेल का?”

“तुटणार नाय. हळू चालवा. फक्त ओरडेल.”

त्याच आठवड्यात दादाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. अख्खी भावकी जमणार होती. मी म्हटलं, “नव्वद भरा. ओरडू दे.”

उस्तादांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि भरलं. नवीन ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. बोटावर घेतलं तर बोटाच्या रेषा दिसत होत्या. एवढं प्रामाणिक तेल त्या गाडीच्या पोटात बहुधा पहिल्यांदाच जात होतं.

माझा बेत साधा होता. वास्तुशांतीच्या दिवशी पूजा झाली की घरचे मोठे लोक गावाबाहेरच्या देवीला नैवेद्य घेऊन जातात. मी म्हणणार होते, माझ्या गाडीतून चला. दादाला मधल्या सीटवर, बरोबर त्या आवाजाच्या पुढ्यात बसवणार होते. देवळाच्या अंगणात सगळे उतरले की विचारणार होते, दादा, हा आवाज कसला? त्याने चारचौघांत, देवीसमोर कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. पैसे नकोत, माफी नको. त्याचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पुतण्याने फसवलं हे कळून त्यांना त्रास होईल, असं मी स्वतःला सांगत होते. त्या दिवशी सकाळी ते पुढे माझ्या शेजारी बसले. रोडपालीहून आत्याला घेतलं, ती मागे बसली. गव्हाण फाटा सोडला, रस्ता मोकळा झाला, मी पाय दाबला आणि गाडीने गळा काढला. आत्याने कानावर हात ठेवले. “अगो बाय, काय वरडते ही! थांबव!”

बाबा समोर बघत होते. मी म्हटलं, “बाबा, आवाज ऐकलात?”

“कसला?”

मी गाडी आणखी पळवली. कंटेनरवाला शेजारून जाताना मान वळवून बघत होता. आत्या देवाचं नाव घेत होती.

“कसला आवाज?” बाबा म्हणाले. “मस्त चाललीय. मी बोललोच होतो.”

मी पाय सैल केला. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. आमच्या घरात टीव्ही मोठा लागतो, तुमच्या पनवेलचे टीव्ही बारीक बोलतात, असं बाबा म्हणतात म्हणून. नातवंडांचे फोन ते मलाच घ्यायला लावतात. आणि शेवटची दोन वर्षं बाबांच्या बोटीवर कामाला कोण होतं? दादा. बाबांचे कान गेलेत हे दर्यावर त्याला रोज कळत असणार. आम्हाला कुणालाही कळायच्या आधी. म्हणूनच तो म्हणाला होता, काकांचा कान हाय ना. भुसा माझ्यासाठी होता. पण भुसा भरूनही तांडेलाच्या कानापासून लपला नसता असा जो थोडासा आवाज उरला असेल, त्याच्यासाठी त्याने बाबांचा बहिरेपणा वापरला होता.

तिथून मी गाडी वळवायला हवी होती. जासईला थांबून आत्याला काहीतरी सांगता आलं असतं. पण मी आता आधीच्या दुप्पट पेटले होते. बाबांना कुणी काही विचारणार नाही, मी फक्त दादाला धरणार, असं मी मनाशी ठरवलं आणि पुढे निघाले. रागात माणूस स्वतःची समजूत फार चटकन काढतो.

सगळं बेताप्रमाणे झालं. आठ माणसं गाडीत कोंबली. दादा कुरकुरत होता, त्याला दुसऱ्याच्या स्कूटरवर जायचं होतं. मी म्हटलं, “घरचा मालक स्कूटरवर शोभतो का?” बांधावरच्या सरळ रस्त्यावर मी गाडी मनसोक्त ओरडू दिली. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. खरं सांगते, नुसतं बघून माझं पोट भरलं.

देवळाच्या अंगणात उतरल्याबरोबर मला विचारावंही लागलं नाही. भावकीतले सगळ्यात वयस्क आजोबाच म्हणाले, “काय रे, पोरीला असली गाडी दिलीस? गेल्या महिन्यात तुझ्याच दारात उभी व्हती ना?” बायका नैवेद्याची ताटं धरून थांबल्या. दादा पहिल्यांदा जमिनीकडे बघत राहिला. मी पुढे झाले. एवढ्यात त्याने मान वर केली.

“मी काय केलं? काकांनी सोता ऐकून पास केली. विचारा त्यांना.”

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा चपला काढत होते. त्यांना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण तांडेल माणूस, ढगांकडे बघून वारा ओळखणारा. त्यांनी दादाचा चेहरा बघितला, माझा बघितला, गाडीकडे बघितलं. आत्याने सकाळी कानावर हात ठेवले होते तेही त्यांना आठवलं असावं. आजोबांनी त्यांच्या जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, “तुला आवाज आला नाय?”

मला ओरडावंसं वाटलं, सांगा ना, नाही आला म्हणून. एवढं एक वाक्य, आणि दादा कायमचा आडवा झाला असता. बहिऱ्या म्हाताऱ्याला पुढे करणारा म्हणून वाड्यात कुणी त्याच्या हातचं पाणी प्यायलं नसतं.

बाबा ताठ उभे राहिले. “आला व्हता,” ते म्हणाले. “मना तवाच आला व्हता. पोरीला नाय सांगितला.”

“पोटच्या पोरीला?” आत्या म्हणाली.

“व्हय. पुतण्याची गाडी खपत नव्हती.”

देवीसमोर, नैवेद्याच्या ताटांसमोर माझा बाप खोटं बोलला. त्याला लबाड ठरायचं होतं, बहिरं नाही. आणि माझ्या जिभेवर खरं वाक्य तयार असताना मी ते गिळलं. दादा आधी चमकला, मग त्याने सुटकेचा श्वास टाकला. आजोबा मान हलवत देवळात गेले. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत बाबांच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहिली, शेवटी मी जाऊन बसले.

दादाला मी माफ केलेलं नाही. मोठं मन वगैरे माझ्याकडे नाही. त्याच्या नव्या घराच्या भिंतीत ओल मुरली असं नंतर कळलं तेव्हा मी खानावळीत सगळ्यांना शिरा वाढला होता. पण त्याला उघडं पाडायची दोरी बाबांच्या गळ्यातून जाते, हे त्याला माहीत आहे आणि आता मलाही. ती ओढायला मीच बाबांना तिथे घेऊन गेले होते, हे बाबांनाही माहीत आहे. त्यानंतर उरणहून त्यांना इंजिन ऐकायला कुणी बोलावलेलं नाही.

आत्या उरणलाच राहिली, म्हणून परत येताना आम्ही दोघंच होतो. ऊन कलत होतं. जासईच्या पुलावर गाडीने पुन्हा गळा काढला, काचा थरथरत होत्या. बाबा मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “आतापन वरडते का गं?”

“नाही बाबा,” मी म्हटलं. “आता गप आहे.”

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला तेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं.