गाऱ्हाण्यातली अकरा सेकंदं

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तीही बी.कॉम.साठी. काही चुकलं तर माफ करा. पण गेल्या गणपतीच्या आधीचे तीन आठवडे मी एका कॅसेटपायी जो वैताग सोसला, तो कुठेतरी उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गावच्या आमच्या घरात गणपती बसला की थोरल्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं असतं. घराण्याचे देव, जागेचे राखणदार यांची एकेक करून नावं घ्यायची, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणायचं, आणि दर वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. हे काम वर्षानुवर्षं माझे थोरले काका करायचे. शिमग्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं संपूर्ण गेलं. आता गाऱ्हाणं बाबांवर आलं. बाबा चौदाव्या वर्षी गाव सोडून मुंबईला आलेले, त्यांना ते पाठ नव्हतं. लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. एक जरी राखणदार राहिला तर वर्षभर घराला सुख नाही, असं बाबा मानतात. त्यांना त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

उपाय एकच होता. मी पाच-सहा वर्षांचा असताना बाबांनी गावच्या गणपतीचं शूटिंग केलं होतं, आमच्या जुन्या कॅमेऱ्यावर, छोट्या कॅसेटवर. त्यात काकांचं अख्खं गाऱ्हाणं होतं. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, मोबाइलमध्ये टाकायचं आणि बाबांनी ऐकून पाठ करायचं. एवढं सोपं.

“तू कॉलेजात जातंस मा?” बाबा म्हणाले. “मगे ह्यां कसां जमणा नाय तुका?”

मी बॅलन्सशीट शिकतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलंय.

नाहूरच्या आमच्या खोलीत मी पलंगावर मांडामांड केली. मित्राचा लॅपटॉप, मध्ये जोडायची एक डबी, लाल-पांढरी-पिवळी वायर आणि माळ्यावरचा कॅमेरा. चित्र आलं. अंगणात माणसं, आरास, काका धोतर नेसून उभे. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. काका म्हणाले, “बा देवा महाराजा, आज तुज्या पायाशी सगळी लेकरां जमली हत...” आणि आवाज गेला. काकांचे ओठ हलतायत, आवाज नाही. मग एकदम सगळ्यांचं दणदणीत “व्हय महाराजा!” पुन्हा काकांचे दोन शब्द, पुन्हा सुन्न, पुन्हा “व्हय महाराजा!”

म्हणजे होकार सगळे ऐकू येत होते. कशाला होकार, तेवढंच येत नव्हतं.

मी वायर बदलली. डबी दुसऱ्या भोकात लावली. लॅपटॉप झोपू नये म्हणून सगळ्या सेटिंग्ज बदलल्या. आवाजाचे आकडे ४८ हजारचे ३२ हजार केले, पुन्हा ४८ केले. दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, तिसरं घेतलं. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, त्याला घाई करता येत नाही. दर वेळी मी श्वास रोखून बसायचो आणि दर वेळी आवाज जायचा. आईने मिक्सर लावला की लॅपटॉपचा दिवा थरथरायचा, म्हणून मी तिला म्हटलं, जरा थांब ना.

“मगे वाटाप काय तुज्या कम्प्युटरात वाटू?” आई म्हणाली.

मी त्या गाऱ्हाण्याच्या जागी कॅसेट मागे-पुढे करून किती वेळा चालवली असेल, मला सांगता येणार नाही. बाबा कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, “झालां?” त्या एका शब्दाची मला भीती बसली होती.

शेवटी मी वर्गातल्या एका मैत्रिणीला सांगितलं. तिच्या वडिलांचा घाटकोपरला लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. मी तिला सेटिंग्जची यादी वाचून दाखवायला लागलो, तर तिने मला मध्येच थांबवलं.

“अरे, कॅमेऱ्यालाच हेडफोन लावून ऐकलंस का?”

मी यादीचा कागद खिशात घातला.

“लावलाच नाहीस? दोन आठवडे? धन्य आहेस यार! कॅमेऱ्यातच आवाज तुटत असेल तर तुझा लॅपटॉप बिचारा काय करणार?”

घरी येऊन हेडफोन लावला. लॅपटॉप बंद, वायर काढलेली, आणि काकांचा आवाज तस्साच जात होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि कॅसेट घेऊन घाटकोपरला गेलो. तिच्या वडिलांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं. मग चिमट्याने आतून एक तांदळाचा दाणा काढून माझ्या हातावर ठेवला.

“हे काय रे? आत सगळं लाल आहे.”

आणि मला कळलं. आमच्याकडे दसऱ्याला शिलाई मशीन, मिक्सर, बाबांचे पाने-पकडी, सगळ्याची पूजा होते. कॅमेरा वापरात नव्हता तरी दर दसऱ्याला माळ्यावरून उतरायचा. बाबा त्याला चार्जर लावायचे, झाकण घर्र करून उघडायचं, यंत्र जिवंत आहे हे सगळ्यांनी बघायचं. बाहेरच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर कुंकू ठरायचं नाही. म्हणून आई म्हणायची, आत लाव, खरं यंत्र आत आहे. माझी बोटं बारीक, म्हणून ते काम माझं. हळद, कुंकू, वर अक्षता. दर दसऱ्याला, अगदी मनापासून.

“बरं झालं तू कापसाची काडी घालून साफ करायला गेला नाहीस,” ते म्हणाले. “धागा अडकला असता.” त्यांनी मऊ चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून टेप वाचणारं आतलं चाक हलक्या हाताने पुसलं. चामडं गुलाबी झालं, मग फिकं, मग स्वच्छ. कॅसेट घातली. काका बोलायला लागले, सलग, न तुटता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मैत्रीण समोर होती म्हणून मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

मधली अकरा सेकंदं मात्र आली नाहीत. तिथे टेपवर उभे चरे पडले होते. कुंकवाचे कण आत असताना तो तुकडा सारखा चालवला गेला होता, आणि चालवणारा मी होतो. दोन राखणदारांची नावं त्यात गेली. मागचं-पुढचं ऐकून दोनच, हे नक्की.

बाबांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. मोबाइल कानाला लावून ते पाठ करत राहिले आणि त्या जागी आले की थांबायचे. मग सगळे गावी गेले. माझी परीक्षा होती, मी राहिलो.

गणपतीच्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी विचारायच्या आधीच ती सांगायला लागली. बाबा त्या जागेपर्यंत नीट आले आणि गप्प झाले. सगळी वाडी बघत राहिली. काका खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात उचलला आणि आधी शेताच्या बांधाकडे दाखवलं, मग तळीकडे. जागा कळल्यावर बाबांना नावं लगेच आठवली. लहानपणी तिथेच तर नारळ ठेवायला जायचे.

“तेंका बोलाक येय नाय म्हणान आमी कोणी इचारलांच नाय रे,” आई म्हणाली. “तू महिनोभर त्या डबड्याक इचारत ऱ्हवलंस. आणि आयक, मगे ‘व्हय महाराजा’ इतक्या मोठ्यान झालां, की शेजारचो कुत्रो अजून भुंकताहा.”

खरंच, फोनमधून ते भुंकणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.