पोट भरणारा विषय

इंटरची परीक्षा संपली त्या दिवशी जेवताना मी घरात सांगून टाकलं, की बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार. आमटी वाढता वाढता आईचा हात थांबला. वडिलांचा थांबला नाही. ते जेवताना कशासाठीच थांबत नसत.

"अर्थशास्त्र घे," ते म्हणाले. "बँकेत नोकरी लागेल."

"मला तर्कशास्त्र आवडलं, बाबा. त्याच्या पुढचं शिकायचंय."

"तत्त्वज्ञान शिकून पोट भरलेला माणूस मी पाहिलेला नाही."

"तुम्ही पाहिला नाही म्हणजे तो नसेलच असं नाही."

"बरं. तत्त्वज्ञान शिकून कोणाचंही पोट भरत नाही. झालं समाधान?"

"तुम्ही एवढं ठाम म्हणताय ना? मग एक जरी निघाला तरी?"

"काढून दाखव," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं.

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार मालाची पेटी आली, की तिच्यातले हाताला येतील ते नग काढायचे आणि मापून बघायचे. एक जरी मापाबाहेर निघाला, तर सगळी पेटी परत. हा नियम त्यांनी घरीही आणला होता. आईने घेतलेल्या वांग्यांपैकी एक किडकं निघालं, की "पेटी परत" म्हणत ते पिशवी उचलून भाजीवालीकडे जात. भाजीवाली त्यांना लांबून ओळखायची. तेव्हा आपण काय कबूल करून बसलोय, हे त्यांना कळायला हवं होतं. त्या दिवशी कळलं नाही.

कॉलेज जूनमध्ये उघडणार, त्याआधी विषय ठरायला हवा होता. मी आईच्या मागे लागले. आई म्हणाली, "मी बघते त्यांचं. पण तू माझं एक काम कर. पोथी वाच."

त्या वर्षी अधिक वैशाख आला होता. अधिक महिन्यात कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका रोज दुपारी आमच्या व्हरांड्यात पोथी ऐकायला जमत. वाचायला बदलापूरच्या एक बाई येत. त्या नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. "मुलगी तत्त्वज्ञान शिकणार आहे" ही बातमी तोवर सगळीकडे झाली होती, आणि तत्त्वज्ञान म्हणजे पोथीपुराण अशी सगळ्यांची समजूत होती. मला पोथी वाचायला बसवणं त्यांना अगदी साहजिक वाटलं. तत्त्वज्ञान म्हणजे काय ते मला तरी कुठे नीट माहीत होतं? मी बसले.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लग्न न झालेल्या मुलीने वाचलेली चालते का?"

"न चालायला काय झालं? अक्षरं तीच आहेत," आई म्हणाली. आईचं अर्थशास्त्रही चांगलं होतं. काकूंना तिने पहिला पाट दिला.

आठवडाभर मी निमूट वाचलं. मग एक गोष्ट आली. एका बाईचा नवरा परदेशी गेला होता. तिने महिनाभर देवापुढे दिवा लावला आणि नवरा घरी आला. मी पोथीवर बोट ठेवून थांबले.

"दिवा लावला म्हणून आला, की तो येणारच होता आणि मध्ये हिने दिवा लावला?"

"पोथीला प्रश्न विचारत नाहीत," काकू म्हणाल्या. "पुढे वाच."

पण समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनी हसायला लागल्या. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. "आमचे तर दिवा न लावता येतात. भोंगा वाजला की दारात."

"मग भोंग्याचीच पोथी वाचा," कुणीतरी म्हणालं.

"भोंगा वाजतो म्हणून येतात, की पाळी संपते म्हणून?" मी विचारलं.

"भोंग्यामुळेच. तो वाजल्याशिवाय गेट उघडत नाही."

"काहीतरीच. मागे भोंगा बिघडला होता, तेव्हाही आले की सगळे."

"आमचे नव्हते आले. आमचे रात्री आले."

"ते भोंग्यामुळे नव्हे, पत्त्यांच्या डावामुळे."

काकू पाठ फिरवून बसल्या होत्या. पण त्यांचा कान आमच्याकडे होता. थोड्या वेळाने वळल्या आणि म्हणाल्या, "दिव्याने नवरा येत नसेलही. पण बायको महिनाभर धीर धरते, हे काही कमी आहे का? पोथी तेवढ्यासाठी असते."

हे काही मला सुचलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर काकू पाट ओढून पुढे सरकल्या.

तेव्हापासून पोथी कमी आणि वाद जास्त असं सुरू झालं. दान करणाऱ्याला पुण्य मिळतं, तर दिसून येईल असं दान करणाऱ्याला किती मिळतं? देवाला सगळं आधीच माहीत आहे, तर नवस कशाला बोलायचा? उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला येत. त्याही टोपली उतरवून पायरीवर बसू लागल्या. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "दिया तो हम भी लगाते थे. फिर भी घर छूट गया. वो किस हिसाब में?"

काकूंनी उठून त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "आज एवढंच पुरे." दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना व्हरांड्यात आत बोलावून घेतलं.

आई इकडे वडिलांना रोज रात्रीच्या ताकाबरोबर माझा विषय वाढत होती. वडील ताक पीत, विषय तसाच ठेवत. महिना संपत आला. मी मनाशी अर्थशास्त्राची तयारी करायला लागले.

शेवटच्या दिवशी वाद इतका रंगला, की भोंगा वाजून गेला तरी कुणी उठलं नाही. वडील घरी आले तेव्हा व्हरांडा भरलेला होता आणि माझ्यापुढे शिधा मांडला होता. पोथी वाचणाऱ्याला समाप्तीला शिधा द्यायची रीत आहे. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, नारळ, वर अनारसे, आणि एका बाजूला पापडांची चळत. चपला काढायला जागा नव्हती, म्हणून ते पायरीवरच उभे राहिले.

मी सूप उचलून त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, एक नग."

त्यांना क्षणात कळलं. पण माणूस तपासणी खात्यातला. "तू अजून शिकलीसच कुठे?"

"इंटरला शिकले तेवढ्यावर हे मिळालं."

"हा शिधा पोथी वाचण्याचा आहे. तत्त्वज्ञानाचा नाही."

हरकत बरोबर होती. मी सूप खाली ठेवलं. वडिलांनी ते पाहिलं आणि पायरीवरच चपला काढल्या. तेवढ्यात काकू उठल्या.

"भावजी, पोथी मला पाठ आहे. ती ऐकायला मी कशाला येईन?"

"मग कशाला येत होतात?"

"भांडायला. बदलापूरच्या बाई आम्हाला बोलू देत नसत. त्यांना दर अधिकात नारळ मिळायचा. नुसता नारळ. बाकीचा सगळा शिधा भांडणाचा आहे."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. वडिलांनी काकूंकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. एक अनारसा उचलून उलटसुलट करून बघितला. मग खाल्ला.

"पेटी परत," ते म्हणाले.

आई लगेच चहा टाकायला आत गेली. ती अशा वेळी तिथे थांबून राहण्यातली नव्हती.

"पण दुसरा विषय अर्थशास्त्र," वडील आत जाता जाता ओरडले. तो मी घेतला, आणि पुढे उपयोगीही पडला. काकूंना मात्र वेगळीच काळजी लागली होती. "पुढच्या अधिकापर्यंत ही बी.ए. होणार," त्या आईला सांगत होत्या. "इंटरवर एवढं काढलंन. तेव्हा अर्धा अध्याय तरी होईल का?"

जूनमध्ये कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही इतके कमी होतो, की सरांनी सगळ्यांना पहिल्या बाकांवर बोलावलं. हा विषय का घेतला, ते प्रत्येकाला विचारलं. एकाला सत्य शोधायचं होतं. एकाला अर्थशास्त्राच्या वर्गात जागा मिळाली नव्हती. मी सांगितलं, "शिधा मिळतो, सर."

सरांना आधी सगळी हकिकत सांगावी लागली. ऐकून झाल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवतोय, मला कुणी साधा नारळही दिला नाही. कुठे आहे म्हणालीस ही कॉलनी?"