सर्वेशचे नमस्कार

जळकोटच्या धोंडाबाई लातुरात राघवेंद्र सरांच्या घरी मूल सांभाळायच्या. सर क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत. मज्जासंस्था हा त्यांचा हातखंडा धडा. त्यांचा सव्वा वर्षाचा सर्वेश एकाएकी हात पुढे करून मान झुकवू लागला, तेव्हा घर धन्य झालं. देवघरासमोर बसवून त्याचे व्हिडिओ काढले गेले. नांदेडच्या नातेवाइकांनी ‘याला म्हणतात संस्कार!’ असं कळवलं.

धोंडाबाईंना मात्र ते खटकलं. झोपेतून उठलं की पोर लागोपाठ दहा-बारा वेळा वाकायचं आणि मग रडायचं. ‘माऊ’ म्हणायचं, तेही बंद झालं होतं.

"सर, ह्यो नमस्कार न्हाई. पोराला झटके येऊन राहिलेत."

"बाई, इथं शिकलेलं कोण आहे?" सर हसले.

लस द्यायला नेलं त्या दिवशी धोंडाबाईंनी सर्वेशच्या आईला, मुग्धाताईंना, तोच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला लावला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि मेंदूची तपासणी लिहून दिली. झटकेच निघाले. औषधानं महिन्याभरात वाकणं थांबलं. बोलणं अजून यायचंय.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," सर आता सगळ्यांना सांगतात.

मुग्धाताई शरमतात. धोंडाबाई म्हणतात, "पोराला गुण आला ना ताई? सरांचं आता गुण यायचं वय गेलंय."