यमकात बसलेलं नाव

आष्टीचा धम्मपाल रॅप करायचा, आणि बरा करायचा, हे आधीच कबूल करून टाकू. परतूरला मोबाइलच्या दुकानात काचा बसवता बसवता त्याने ‘डीपी आष्टीकर’ हे नाव घेतलं. नळाला पाणी नाही, रस्त्याला डांबर नाही, एसटीला टाइम नाही, यावर चार गाणी केली. लोक ऐकायला लागले, उद्घाटनांची बोलावणी आली आणि स्वारी गॉगल घालून हिंडू लागली. आई कौसल्या बांधकामावर जायची. पोराचा फोटो स्टेटसला कसा ठेवायचा, हे तिने शेजारणीकडून शिकून घेतलं.

त्यातच गावच्या अंगणवाडीत तीन महिने पोषण आहाराची पाकिटं आली नाहीत. पुरवठा करणारा रामकिसन गाडीच पाठवत नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. धम्मपाललाही. तो गाणं लिहायला बसला, पण रामकिसनला काही केल्या यमक जुळेना. अंगणवाडीच्या सेविका त्याच्याच गल्लीतल्या, बेबीनंदा मावशी. त्यांचं नाव मात्र झटकन बसलं:

‘लेकरांचा घास, हिचा झाला धंदा,
पाकिटं इकून खाती बेबीनंदा!’

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आठवड्यात दोन लाख लोकांनी ते ऐकलं. मावशींना कामावरून थांबवलं, चौकशी बसली, आणि त्यांनी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. गुन्हा दाखल झाला तरी आमचे डीपी फुशारकीतच. रॅपरवर केस म्हणजे छातीवरचा बिल्ला, असं त्यांना वाटत होतं.

ठाण्यात हवालदार बद्रीनाथ यांनी कोरा कागद पुढे ओढला. समोरच्या बाकावर आई बसली होती, आईशेजारी मावशी.

“गानं सांग. मी लिहून घेतो.”

धम्मपालने बोटांनी टेबलावर ताल धरला.

“वाजवू नको. साधं सांग. एकेक शब्द, हळू.”

तालाशिवाय ते शब्द म्हणताना तो दोनदा अडखळला. तिसऱ्या ओळीनंतर त्याला बाकाकडे बघवेना.

“पाकिटं इकताना तू पाह्यलं?” हवालदारांनी विचारलं.

“न्हाई.”

“मंग कुनी सांगितलं?”

“कुनीच न्हाई. यमक जुळलं, साहेब.”

“गाडी आल्ती का गावात?”

“न्हाई आल्ती. रामकिसनशेठनं पाठवलीच न्हाई.”

“हे तुला म्हाईत व्हतं?”

“व्हतं.”

हवालदारांनी तेही लिहिलं. आईने पदर तोंडाला लावला. धम्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यमक हे निमित्त होतं. रामकिसनची त्याला भीती वाटत होती आणि मावशींची वाटत नव्हती, एवढंच खरं होतं. हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

बाहेर आल्यावर तो मावशींच्या पायाशी वाकला. त्या मागे सरकल्या.

“पाय नको धरू. कौसल्याकडं बघून मी तडजोड करते. पन ते गानं बंद कर बाबा. अंगनवाडीतले लेकरं म्हनून राह्यले ते.”

त्याने गाणं त्याच दिवशी काढून टाकलं आणि माफीचा व्हिडिओ टाकला. तो एकशे बारा जणांनी पाहिला. चौकशीत मावशी निर्दोष सुटल्या, कामावर परतल्या. तरी पाकीट घेताना बायका अजून हातात तोलून बघतात.

मे महिन्यात गल्लीत लग्न निघालं. दुपारच्या वरातीत डीजेवाल्याने धम्मपालला पाहिलं आणि फोनमध्ये जपून ठेवलेलं तेच गाणं मोठ्या मानाने लावलं. पोरं बेभान नाचू लागली. बायकांच्या घोळक्यात फुलांच्या पाकळ्यांचं ताट घेऊन मावशी उभ्या होत्या. धम्मपाल धावत डीजेच्या गाडीवर चढला, माइक हिसकावला आणि जीव खाऊन ओरडला, “खोटं हाय ते! खोटं हाय!”

पोरांना वाटलं, नवी ओळ आली. हात वर करून अख्ख्या वरातीने ती तालात उचलली. धंदा, बेबीनंदा, खोटं हाय, खोटं हाय! तो जितका ओरडे, तितकी पोरं उंच उडत.

मावशींनी ताट कौसल्येच्या हातात दिलं आणि त्या घरी निघून गेल्या. कौसल्या ताट धरून उभी राहिली. गाडीवरच्या पोराकडे तिने वर पाहिलं नाही.