मागची सीट

सापगावजवळच्या फाट्यावरचा हा मेकॅनिक कुठलंही काम झालं, असं कधी सांगत नाही. "झालं असंल," म्हणतो आणि हात पुसत बसतो.

माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटची पाठ ब्रेक मारला की बसलेल्या माणसाला घेऊन पुढे कोसळायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला व्यायामासाठी मुरबाडला न्यायचं होतं. मेकॅनिकने सीटची पाठ अडवून धरणारा झिजलेला खटका काढला आणि दुसऱ्या गाडीचा कानशीने घासून घासून बसवला. त्यात दुपार गेली.

"निघू का?" मी विचारलं.

"आई मागं बसनार ना? मंग थांबा."

तो स्वतःच मागे बसला. "चला. जोरात ब्रेक मारा."

मोकळ्या रस्त्यावर मी तीनदा ब्रेक मारला. तिसऱ्यांदा त्याचं कपाळ माझ्या सीटवर दाणकन आपटलं. मी घाबरून वळलो. मागच्या सीटची पाठ जागच्या जागी होती.

"सीट नाय पडली," कपाळ चोळत तो म्हणाला. "मीच पडलो."

परत येईपर्यंत टेंगूळ आलं होतं. उतरून त्याने दार हळूच लावलं.

"उद्या न्या आईंना. पन गाडी दुसऱ्या कुनाला चालवाया सांगा."