राखणदाराचं नाव

गोळपचा उघड्या कातळाचा सडा लागला तशी अक्षया आणखीच भराभरा चालू लागली. दर गुरुवारी रत्नागिरीहून पावसच्या मठापर्यंत चालत जायचं, हा तिची मैत्रीण दर्शना हिचा नेम. सुट्टीला माहेरी आलेली अक्षया आज आपणहून तिच्यासोबत निघाली होती.

"अगो, जरा दमानं. स्वामी कुठे पळून जातायत?"

"बहादूर चाललाय ना पण!"

दोघी शाळेत एका बाकावरच्या. अक्षया पुढे मुंबईत प्राध्यापक झाली, पोर्तुगीज शिकली, वर्षभर ब्राझीलला राहून आली. तिथल्या आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचा अभ्यास म्हणजे तिचा श्वास. उसाच्या, कॉफीच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची नावं मालकांनी कशी पुसून टाकली आणि त्यांच्या पतवंडांनी ती गोष्टी-कवितांतून कशी शोधली, यावर ती तासन्‌तास बोले. दर्शनाला त्यातलं अर्धंमुर्धं कळे, तरी ती ऐकत राही.

यंदा त्यावरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहिता लिहिता अक्षयाचा हात अडला. पावसला तिच्या वडलांच्या, आप्पांच्या, आंब्याच्या कलमांच्या बागेत चौदा वर्षं एकच नेपाळी राखणदार होता. आधीच्याला बहादूर म्हणत, म्हणून हाही बहादूर; खरं नाव तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला राहवेना. वहीच्या पानावर प्रश्न लिहून तिने बाग गाठली आणि नाव, गाव, वडलांचं नाव विचारत सुटली; त्याने सगळं टाळलं.

मागच्याच महिन्यात शेजारच्या बागेत चोरी झाली होती. राखणदाराला वाटलं, ही पोलिसांत द्यायची माहिती. काल त्याने आप्पांना फोन केला, उद्या दुपारच्या गाडीने निघतो म्हणाला.

"चौदा वर्षं त्याच्या हातचा चहा प्यायले गो मी. आणि चौकशी केली ती चोराची करतात तशी."

"वही कशाला न्यायची मग?"

"सवय मेली!" अक्षया स्वतःवरच चिडली. "तुझ्याशी बोलतो ना तो मठात?"

"बोलतो की. लेकीच्या परीक्षेसाठी अभिषेक करायचा होता त्याला. कागद मीच लिहून दिला, नावानिशी."

अक्षया जागच्या जागी थांबली. "म्हणजे तुला ठाऊक आहे?"

"देवापुढे कोणाच्या नावाने करायचा, ते सांगावं लागतंच ना? सांगू तुला?"

अक्षयाच्या ओठांवर 'सांग' आलेलं दर्शनाला स्पष्ट दिसलं. पण ती चार पावलं पुढे गेली, तशीच परत आली, आणि पिशवीतून वही काढून तिने ते प्रश्नांचं पान टरकन फाडलं.

"नको, मला नको सांगूस. सांगावंसं वाटलं तर तोच सांगेल. तू एकटी बागेत जा, मी फाटकाबाहेर थांबते. हे पान त्याच्याच हातात दे, त्याचं त्याला जाळू दे. आणि आजची गाडी सोड म्हणावं. एवढं करशील गो माझ्यासाठी?"